लेस्टर डन्फीची शोकसभा

लेस्टर डन्फी वारला ही बातमी खुद्द लेस्टर डन्फीला शनिवारी सकाळी फिश-अँड-चिप्सच्या दुकानात कळली. काउंटरवरच्या बाईनं त्याच्या पुडक्यात बटाट्याची चार भजी जास्त टाकली आणि डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही भाऊ का त्यांचे? चेहरा अगदी तोच हो. दुपारी सभेला येताय ना, ब्लॅगीच्या शेडमध्ये?"

लेस्टरनं, म्हणजे सगळ्यांच्या लेसनं, पुडकं घेतलं, आभार मानले आणि तो गुपचूप बाहेर पडला. मेलेल्या माणसानं दुकानात उभं राहून वाद घालायचा तरी काय?

घरी आल्यावर त्यानं बायकोला, मर्लला, सांगितलं. मर्लला नवल वाटलं नाही. "नव्या अल्बमवरून चाललंय ते. पोरांना बेस आवडला नाही."

पोरं म्हणजे लेसच्या बँडचे चाहते, साठीच्या आसपासची माणसं. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात जन्म काढलेली, आता गुडघे बदलून घेतलेली, आणि ‘रोलर डोअर’ या बँडवर पोटच्या लेकरापेक्षा जास्त जीव टाकणारी. लेस त्या बँडचा बेस गिटार वाजवणारा, पहिल्या दिवसापासूनचा. बँडचे आधीचे तिन्ही अल्बम शेवटचे म्हणून जाहीर झाले होते, म्हणून या चौथ्याला सावधपणे ‘बहुधा शेवटचा’ असं नाव दिलं होतं.

आता खरं काय घडलं होतं ते सांगायला हवं. जन्मभर ढोल बडवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून लेसचे कान कामातून गेले होते. ही गोष्ट त्यानं कुणाला कळू दिली नव्हती, निदान त्याची तशी समजूत होती. या वर्षी मर्लनं हट्ट धरला आणि त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं बसवून आणली. घरी आल्यावर त्यानं तिला पहिला प्रश्न विचारला, "तू एवढी ओरडून का बोलतेयस?" मर्ल म्हणाली, "लग्न झाल्यापासून अशीच बोलतेय मी."

मग तो मागच्या खोलीत जाऊन बेस घेऊन बसला. एक सूर वाजवला आणि थिजलाच. वरच्या मजल्यावर कुणीतरी ओलं कपाट ओढतंय असा तो आवाज! तारा बसवल्या तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. तेव्हापासून त्यांना घामाशिवाय दुसरं काही लागलं नव्हतं. हाच आवाज आपण जन्मभर लोकांना ऐकवला? लेसला रडू आलं. त्यानं त्या तारा कचऱ्यात टाकल्या, नव्या आणल्या आणि त्यांवर अख्खा नवा अल्बम वाजवला. आपलं वाजवणं त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आलं. या वयात माणसाला अभिमान वाटावा असं फार काही उरत नाही. त्याला या अल्बमचा वाटत होता.

आणि तो ऐकून पोरांनी त्याला मारून टाकलं होतं; खरा लेस गेला आणि बँडनं त्याच्या जागी तोतया उभा केलाय, असं त्यांनी ठरवलं होतं.

"जातो मी," लेस म्हणाला. "सांगतो त्यांना तोंडावर."

"रिकाम्या हातानं जाऊ नकोस," मर्ल म्हणाली. तिकडची रीतच आहे, सभा कसलीही असो, घरून काहीतरी करून न्यायचं. नवऱ्याच्या शोकसभेसाठी तिनं अंड्याची सँडविचेस केली आणि स्वतःही निघाली.

ब्लॅगी नाउमोव्स्की हा प्लंबर, हौसेनं बेसही वाजवणारा. बाप मॅसिडोनियाहून आलेला, पण ब्लॅगीचा देव म्हणजे लेसच. त्याच्या शेडचं पत्र्याचं दार अर्धं वर होतं. आत पंधरा-वीस जण, सॉसेजचा धूर, आणि फ्रीजवर लेसचा हार घातलेला फोटो. लेस दाराखालून वाकून आत शिरला तेव्हा ब्लॅगीचं भाषण ऐन रंगात आलं होतं.

"लेसचा बेस पोटात लागायचा! जेवण झाल्यावर लागायचा तसा! आणि हा नवा? चमच्यांचा खण सांडल्यासारखा वाजतोय!"

"आणि नव्या अल्बमच्या कार्यक्रमात," ग्लेनिस म्हणाली. ग्लेनिस कारखान्याच्या कँटीनमध्ये होती आणि बँडचा एकही कार्यक्रम तिनं चुकवला नव्हता. "मागून कुणीतरी ‘लेस’ म्हणून हाक मारली, तर तो माणूस चक्क वळून बघतो! आपला लेस कधी वळलाय का?"

"कध्धीच नाही!" सगळी शेड म्हणाली.

"असा साधा माणूस होणे नाही," ब्लॅगीनं फोटोवरचा हार सारखा केला. "एक चूक नाही हो, उभ्या आयुष्यात एक चूक नाही!"

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते लेसला या वेळी उभ्या उभ्या प्यायला मिळत होतं. थोडा वेळ त्याला गोडही लागलं. मग तो खाकरला.

"अरे, मी जिवंत आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणी दचकलं नाही, कुणी किंचाळलं नाही. ब्लॅगी जवळ आला, त्यानं लेसला खालून वर न्याहाळलं आणि सभ्यपणे म्हणाला, "तोंडावळा छान जमलाय हं. तुमचा राग नाही आमच्या मनात. बँडनं सांगितलं, तुम्ही केलंत. सँडविच ठेवा तिकडे."

"अरे गाढवा, माझ्या घरचा नळ तूच बसवलास ना? अजून गळतोय तो!"

"हे कुणीही शोधून काढू शकतं," ग्लेनिस म्हणाली.

"मर्ल, सांग ना यांना!"

मर्लनं सांगितलं. पण वहिनी दुःखात आहेत, त्यांच्या बोलण्याचं काय घ्यायचं, असं म्हणून तिला खुर्ची देण्यात आली.

शेवटी ब्लॅगीनंच न्यायाचा मार्ग काढला. दार बंद करायचं. बाहेर हा पाहुणा आणि मी, आपापला बेस घेऊन. आत सगळ्यांनी पत्र्यावर तळवे टेकायचे. ‘गेट नंबर चार’ या गाण्याची सुरुवात दोघांनी एकेकदा वाजवायची. ज्याचा धक्का तळव्याला लागेल तो लेस. यात ब्लॅगी स्वतः लेस ठरला तर पुढे काय, हा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही.

लेसनं गाडीतून बेस आणला, ब्लॅगीच्या स्पीकरला जोडला आणि जीव ओतून वाजवलं. एकेक सूर धुतलेल्या काचेसारखा निघाला. मग ब्लॅगीनं सॉसेजच्या तुपकट बोटांनी आपला जुनाट बेस हाणला आणि सगळा पत्रा थरथरला. आतून निकाल आला. सगळ्यांची मतं ब्लॅगीला.

"मर्ल?" लेसनं दाराबाहेरून विचारलं. "तू कुणाला दिलंस?"

"खोटं कशाला बोलू, लेस," मर्ल म्हणाली, "डोळे मिटल्यावर तोच तू वाटलास."

लेस मटकन अंगणातल्या बर्फाच्या पेटीवर बसला. बाकीच्यांनी मारलं त्याचं त्याला हसू आलं होतं. पण जिच्याबरोबर जन्म काढला तिनंही दुसऱ्यालाच लेस म्हणून ओळखावं, हे त्याच्या जिव्हारी लागलं. तो पत्र्याकडे तोंड करून ओरडला, "मला आता ऐकू येतं रे! यंत्रं बसवलीत कानात! म्हणून आवाज बदलला, मेलो म्हणून नाही!"

आत कुजबुज झाली. मग ग्लेनिस म्हणाली, "लेसला ऐकू येत नव्हतं, हे यालाही माहीत आहे."

"यालाही म्हणजे?" लेसनं विचारलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून तर कुणी हाक मारायचं नाही, खांद्याला हात लावायचं. खरा असशील तर ती यंत्रं काढ आणि गाणं पूर्ण वाजव."

लेसनं यंत्रं काढून शर्टाच्या खिशात ठेवली. जग पुन्हा गादीखाली गेलं. त्यानं तारांवर बोटं ठेवली आणि ‘गेट नंबर चार’ सुरू केलं, नेहमीसारखं, ऐकू न येता, लाकूड पोटाशी घट्ट दाबून. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसरं निम्मं झालं आणि पत्र्याचं दार धाडकन वर गेलं.

सगळे त्याच्याकडे बघून हात हलवत होते, तोंडं उघडत-मिटत होती, ब्लॅगी तर रडत होता. लेसनं हे दृश्य स्टेजवरून हजारदा पाहिलं होतं, नेमकं याच जागी, याच कडव्यात. लोकांचं प्रेम! त्यानं नेहमीसारखा हात हलवून ते स्वीकारलं आणि घाईघाईनं यंत्रं कानात घातली.

"घाई केलीस!" ब्लॅगी हुंदके देत ओरडत होता. "तिसऱ्या कडव्यात घाई केलीस! तोच तू! दुसऱ्या कुणाला जमायचं नाही ते!"

"घाई? मी?"

"दर वेळी," ग्लेनिसनं त्याच्या गळ्यात हात टाकले. "पहिल्या कार्यक्रमापासून. सगळी पुढची रांग बोंबलून सांगायची तुला, ‘घाई, लेस, घाई!’ आणि तू हात हलवायचास!"

लेस मर्लकडे वळला. "तूसुद्धा?"

"मी सगळ्यात जोरात," मर्ल म्हणाली. "पण तू किती खूश दिसायचास रे. घरी आल्यावर कोण सांगणार?"

"मग मघाशी ‘एक चूक नाही, एक चूक नाही’ कोण म्हणत होतं?"

"मघाशी तू मेला होतास," ब्लॅगीनं नाक पुसलं. "जिवंत माणसाची गोष्ट वेगळी. आणि हे बघ, त्या नव्या तारा भिकार आहेत."

"त्या राहणार," लेस म्हणाला. "बर्फाच्या पेटीवर ताल धर. पुन्हा वाजवतो."

ब्लॅगीनं ताल धरला. लेसनं यंत्रं कानातच ठेवली. सूर धुतलेल्या काचेसारखेच निघत होते, पण आता त्याबद्दल कुणी तक्रार करत नव्हतं. सगळे एका जागेची वाट बघत होते. तिसरं कडवं आलं. ताल कुठे आहे हे लेसला स्वच्छ ऐकू येत होतं. त्यानं एकदा मर्लकडे पाहिलं, ताल सोडला आणि उताराला लागल्यासारखा पुढे धावला.

"घाई, लेस, घाई!" सगळी शेड गरजली. त्यात मर्लचा आवाज सगळ्यात वर होता. लेसला तो पहिल्यांदाच ऐकू आला, आणि त्याला इतकं हसू फुटलं की चौथं कडवं वाजवायचं राहूनच गेलं.