अना जाया

माझी जीभ जरा तिखटच. माझा नवरा शिरीष म्हणतो, इथल्या शराफिया भागातले भाजीवाले तुला बघून आधीच भाव उतरवतात. पण जेद्दाच्या त्या गोदामात मला माझ्या तोडीची भेटली, आलिमा.

आमची लेक ओवी कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि मला घर खायला उठलं. इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, शिरीषची बायको, एवढीच काय ती माझी ओळख. कुणीतरी सांगितलं, गाझाला मदत पाठवणाऱ्या संस्थेला माणसं हवीत. म्हटलं, घरी बसून माश्या मारण्यापेक्षा बरं. तान्ह्या बाळांच्या कपड्यांचे खोके भरायचं काम मिळालं. टेबलाची प्रमुख आलिमा, निवृत्त पॅलेस्टिनी नर्स. हॉस्पिटलात आपल्याकडच्या मुलींबरोबर राहून मोडकं हिंदी शिकलेली.

पहिल्याच दिवशी आमची जुंपली. ती हाताला लागेल ते कोंबत होती.

"बाई, हे काय बटाट्याचं पोतं आहे?" मी म्हटलं. "बाळंतविडा असा भरतात होय?"

मग बाळंतविडा म्हणजे काय तेही सांगितलं. बाळ झालं की आपली माणसं कौतुकानं नेतात ते कपडे. दुपटी खाली, त्यावर झबली आणि टोपडं सगळ्यात वर. खोका उघडल्याबरोबर त्या आईला वाटलं पाहिजे, माहेरचं कुणी आलंय.

आलिमा आपली कोंबतच राहिली. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या टेबलांवर टोपडी वर होती. मला इतका आनंद झाला, की घरी येऊन शिरीषला सांगताना रडूच आलं. किती वर्षांनी मी कुणाच्या तरी उपयोगी पडले होते.

एका संध्याकाळी निघताना मी ऐटीत अरबी झाडलं, "अना जाया." शराफियात बायकांच्या तोंडी ऐकलेलं. जाया म्हणजे जायचं, त्यात काय विचारायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी आलिमा फणकारली, "काल गोदामाचं दार उघडं ठेवून, चहा करून बसले होते. आलीस का नाहीस?"

अरबीत जाया म्हणजे 'येते'! मला हसू आवरेना. "अगं, आम्हीही निघताना येते असंच म्हणतो. 'जाते' म्हणणं अशुभ."

ती हसली नाही. "माझी आजी अठ्ठेचाळीसच्या लढाईत आमच्या याफा गावातून निघाली ना, तेव्हा कणीक झाकून ठेवली आणि शेजारणीला म्हणाली, अना जाया. पुन्हा कधी जाता आलंच नाही. आमच्या घरात हा शब्द कुणी उगाच वापरत नाही."

तेव्हापासून मी नुसता हात हलवून निघायची.

आता शिरीषचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. इकामा रद्द, विमान उद्याचं, खलास. आठवडाभर एकच घोर होता, आलिमाचा निरोप कसा घ्यायचा? 'येते' म्हणावं तर तिच्याशी खोटं बोलल्यासारखं. 'जाते' म्हणायला जीभ रेटेना.

आज शेवटचा खोका भरला. टोपडं वर ठेवलं. आलिमा चिकटपट्टी लावत होती, मान वर न करता. मी पर्स उचलली, दारापर्यंत गेले. साऱ्या जेद्दाला उलट बोलणारी मी, तिथं मात्र उगाच पर्सची चेन उघडमीट करत राहिले.

"जाते," मी मराठीतच म्हटलं. जन्मात पहिल्यांदा.

तेवढा शब्द तिला माहीत होता. तरातरा आली आणि माझ्या हातावर चापट मारली. "असं म्हणत नाहीत. नीट म्हण."

"खोटं होईल गं ते."

"होऊ दे. वाट मी बघायची आहे ना? आमच्या घरात वाट बघणं सगळ्यांना येतं."

मी डोळे पुसले. "अना जाया," म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि दार सताड उघडं टाकून आत वळली. मी जिना उतरत होते, तेव्हा आतून चहाचे दोन पेले मांडल्याचा आवाज आला.