शेवटचा पिस्टन

मोटारींच्या गाद्या शिवणारा माणूस स्वभावाने मऊच असणार, अशी कोणाची समजूत असेल, तर त्याने आमच्या गादीवाल्यांशी एकदा वाद घालून पाहावा. आठवडाभर सुई-दोरा आणि रविवारी मोटारसायकल, असा त्यांचा दुहेरी संसार होता. गाडी जवळजवळ त्यांच्याच वयाची. जुन्या गाड्यांच्या हौशी शर्यतींत, मातीच्या उंचसखल मैदानांवर, ते आणि त्यांचा मेहुणा ती आळीपाळीने उडवीत. जिंकल्याचा आरोप मात्र दोघांवर कोणी कधी केला नव्हता.

यंदाच्या हंगामावर संकट होते. मेहुण्याचे लेथचे वर्कशॉप होते. इंजिनाचे सिलिंडर झिजले, की तो ते आतून किंचित मोठे कापी आणि त्यात किंचित मोठा पिस्टन बसवी. असे करता करता सिलिंडरची भिंत इतकी पातळ झाली, की नुकताच बसवलेला पिस्टन हा शेवटचाच. तसले सिलिंडर आता कुठे मिळत नव्हते आणि नवे घडवलेले शर्यतीच्या नियमांत बसत नव्हते. हा पिस्टन गेला, की गाडी कायमची थांबणार; आणि मग रविवार हा शनिवारनंतरचा नुसता एक वार उरेल, या भीतीने गादीवाल्यांची झोप उडाली होती.

तेव्हा दोघेजण जेवणाच्या टेबलावर कॅलेंडर पसरून काटकसरीला बसले.

“पहिलीच शर्यत रेतीतली,” मेहुणा म्हणाला. “भावोजी, रेती म्हणजे पिस्टनला पॉलिशपेपर.”

“मार फुली.”

“मग टेकडीवरची. चढावर इंजिन तापतं.”

“मार.”

“मग चिखलातली. चाक रुतलं, की तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पिळत बसता.”

“मी पिळतो? मागच्या वर्षी खड्ड्यात उभी करून गाडी भाजली कोणी?”

“खड्डा मी खणला नव्हता, भावोजी!”

वाद रंगला, फुल्या वाढल्या. अखेर वीटभट्टीमागच्या सपाट मैदानावरची एकच शर्यत शिल्लक राहिली. तीही वारा सुटून धूळ उडाली नाही, तरच. हंगामाची इतकी निर्दोष आखणी आजवर कोणी केली नसेल, असे दोघांचेही प्रामाणिक मत पडले.

सरावाचा प्रश्न गादीवाल्यांनी स्वतःच सोडवला. इंजिन सुरू करायचे नाही. गाडी स्टँडवर चढवून, हेल्मेट घालून ते दुकानातच तिच्यावर बसू लागले. वळणावर झुकत, उडीला उठत, आणि इंजिनाचा आवाज तोंडाने काढीत.

एके दिवशी त्यांची बायको आपले चष्म्याचे दुकान बंद करून तिथे आली आणि दारातच थबकली.

“अहो, गियर बदलला, की खोकला आला?”

गादीवाल्यांनी हेल्मेट काढले आणि आखणीमागचे तत्त्व तिला सविस्तर समजावून सांगितले. तिने आता दुकानात टांगलेल्या कॅलेंडरावरच्या फुल्या शांतपणे पाहिल्या आणि कोपऱ्यात साखळीला तेल घालीत बसलेल्या भावाकडे वळली.

“काय रे, इंजिन असं नुसतं ठेवलं, तर किती टिकेल?”

मेहुण्याने नजर चुकवली. “पडून राहिलं, की गंज धरतं, ताई. पिस्टनच्या रिंगा चिकटतात.”

“म्हणजे पळवलं तर झिजणार, जपलं तर गंजणार?”

“तसंच म्हणायचं.”

“मग पळवून झिजवा ना! घरात दर रविवारी तुम्हा दोघांची दोन-दोन कीर्तनं ऐकण्यापेक्षा मला ते परवडेल.”

“यात एक तार्किक दोष आहे,” गादीवाले म्हणाले.

“कोणता?”

दोष शोधण्यात गादीवाल्यांची हयात गेली होती. पण या वेळी तो काही केल्या सापडेना. ते खाली उतरले, गाडी अंगणात घेऊन गेले आणि त्यांनी किक मारली. दुसऱ्या किकेला इंजिन असे गरजले, की मेहुण्याच्या हातातला तेलाचा डबा निसटला.

पहिल्या शर्यतीच्या दिवशी रेती मनसोक्त उडत होती. गादीवाले सुरुवातीच्याच वळणावर घसरले, उठले, कोणाला तरी मागे टाकून ओरडले आणि शेवटून तिसरे आले. दातांत रेती, चेहऱ्यावर राजाचे तेज! मेहुण्याने धावत येऊन इंजिनाला कान लावला.

“पिस्टन कसा आहे?” गादीवाल्यांनी विचारले.

“झिजलाय.”

“किती?”

“थोडा. टेकडीपुरता आहे अजून.”

“आणि चिखलापुरता?”

“ते टेकडी उतरल्यावर कळेल. टेकडीला मी बसणार.”

“तू कोणत्या न्यायाने?”

“रेती तुम्ही खाल्लीत ना, भावोजी!”

“रेती खाणं ही मेहनत आहे, चैन नव्हे! तिचा मोबदला टेकडीच असू शकतो.”

“ताई, तूच सांग आता!”

पण ताईने घडीची खुर्ची उचलून केव्हाच दुसरीकडे सावलीत मांडली होती. शेजारी एक स्पर्धक आपले इंजिन तापवीत उभा होता. त्याने ते बंद केले, कारण वाद त्याला नीट ऐकू येत नव्हता.