एम्प्रेसचा ऑर्गन आणि मी

आमच्या हॅल्सबरी गावात एम्प्रेस नावाचं जुनं थिएटर आहे. पडद्यासमोरच्या खड्ड्यात एक ऑर्गन आहे, आणि ऑर्गनपुढे बसायचो मी, डेस्मंड थॅकवेल, निवृत्त पोस्टमास्तर. बुधवारी दुपारच्या खेळाआधी कळ दाबली की ऑर्गन, बाक आणि मी असे तिघंही खालून वर यायचो. अंगात लाल कोट, गळ्याला बो, डोक्यावर दिव्याचा झोत. साक्षात देव प्रकट होतोय असं मला वाटे. माझी बायको मॉरीन म्हणे, "टोस्टरमधून पाव वर येतो ना, तसा दिसतोस."

मी वर आलो की लोक चहा आणायला उठत. मला वाटे, चहा पटकन उरकून ऐकायला यायची घाई असणार. स्वतःबद्दल माणूस काय वाट्टेल ते समजू शकतो.

थिएटरची मालकीण बेरिल ओकशॉट. वडिलांकडून तिला थिएटर मिळालं आणि त्याच्याबरोबर त्याचं गळकं छप्परही. एकदा तिनं मला तिकीट खिडकीशी बोलावलं.

"डेस्मंड, स्पष्टच सांगते. मागं तो लंडनचा पाहुणा ऑर्गनबद्दल तक्रार करून गेला. आता आणखी एक तक्रार आली ना, की ऑर्गन विकून टाकणार. खड्डा बुजवणार आणि तिथं सोफे मांडणार. लोकांना हल्ली लोळत सिनेमा बघायचा असतो."

"लंडनवाल्यांना काय कळतंय त्यातलं?"

"ते राहू द्या. एक तक्रार, डेस्मंड. एकच."

नोकरी संपली होती, केस गेले होते, गुडघे निघण्याच्या वाटेवर होते. माझा म्हणावा असा बुधवार तेवढा उरला होता.

त्या बुधवारी मी जीव ओतून वाजवलं. मग नेहमीप्रमाणे डाव्या हातानं वाजवत, उजवा हात लोकांना हलवत, खाली जाण्याची कळ दाबली. खालून गुरगुर आली, पण ऑर्गन जागचा हलेना. पुन्हा दाबली. तेवढ्यात दिवे मालवले आणि माझ्या डोक्यावरून सिनेमा सुरू झाला. यंत्र लावून प्रोजेक्टरवाला चहाला गेलेला, आणि बेरिल बाहेर खिडकीवर.

दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी आरडाओरडा केला असता. आमच्यात तशी पद्धत नाही. एका सभ्य गृहस्थाला 'तुमचं डोकं मध्ये येतंय' असं कोण सांगणार? आणि माझ्यापायी एवढ्या लोकांचा खेळ थांबवायचा, हे मला तरी कसं शोभणार? भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. सगळेच भिडेपोटी मुकाट बसलो. सिनेमा जुना, प्रेमाचा. नायक नायिकेचं चुंबन घ्यायला वाकला तेव्हा दोघांच्या बरोबर मध्ये माझं टक्कल होतं.

इथपर्यंत नशिबाचा दोष. पुढचा सगळा माझा. त्या उजेडात नुसतं बसून राहणं मला बरं दिसेना. वाटलं, आहोतच इथं तर हळूच साथ करावी. बोलपटाला साथ! नायिका रडायला लागली, मी करुण सूर धरला. ती आणखी रडली, मी आणखी जोर केला. तिचा बाप वारला तेव्हा बोटं भलतीकडेच गेली आणि लग्नाची धून वाजली. मागून कुणीतरी खोकलं. मला ती दाद वाटली.

खेळ संपल्यावर शिडी लावून मला उतरवलं. झाला प्रकार कळून बेरिल दाराशीच उभी राहिली होती, एकेकाला विचारत. मी कोपऱ्यात, कान देऊन.

"छान झालं हं," एक जण म्हणाला.

"वेगळंच काहीतरी," दुसरा म्हणाला.

शेवटी काठी टेकत अगाथा प्लमट्री आल्या. मधल्या रांगेत, अगदी माझ्या पाठीमागे बसणाऱ्या. "डेस्मंडनी फार मेहनत घेतली," त्या म्हणाल्या.

तक्रार एकही नाही! मी घरी तरंगतच गेलो.

"अरे, ही माणसं चहात माशी पडली तरी 'मस्त झालाय' म्हणून पितात," मॉरीन म्हणाली. "त्यांच्यावर कसला विश्वास ठेवतोस?"

पुढच्या बुधवारापर्यंत खालचं यंत्र दुरुस्त झालं, दारावर तशी पाटीही लागली. मी वर आलो, वळून झुकलो, आणि पाहतो तर मधल्या सगळ्या रांगा मोकळ्या. माणसं आली होती सगळी, पण पार मागच्या भिंतीला चिकटून आणि वर बाल्कनीत. अगाथाबाई आपला दुखरा गुडघा घेऊन बाल्कनीचा जिना चढत होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कठडा, पायरीपायरीला थांबत.

मी वाजवणं सोडलं, ऑर्गन खाली नेला आणि खड्ड्याच्या दारातून धावलो. "अगाथाबाई, वर कशाला?"

"वर हवा बरी असते," त्या धापा टाकत म्हणाल्या.

बाल्कनीत कसली आलीय हवा! मला फार लाज वाटली, आणि रडूही आलं. या बाईनं माझं मन मोडू नये म्हणून गुडघा मोडायची तयारी ठेवली होती. बेरिल दारात उभी राहून त्या मोकळ्या रांगा बघत होती. सोफे कुठं बसतील, ते ती डोळ्यांनीच मोजत असावी.

"बेरिल," मी म्हणालो, "मला तक्रार करायचीय."

"तुम्हाला? ऑर्गनबद्दल?"

"ऑर्गनचा काही दोष नाही. वाजवणाऱ्याबद्दल. त्याला काढा. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या प्रुडन्स लॅथबरीला विचारा, आणि एकदा तिचं ऐका. सोफ्यांचं मग ठरवा."

"नक्की?"

"लवकर हो म्हणा, नाहीतर माझा विचार बदलेल."

पुढल्या बुधवारी मी तिकीट काढून मधल्या रांगेत बसलो. बेरिल भिंतीला टेकून उभी. लोक मागंच होते. प्रुडन्स वर आली, साध्या निळ्या झग्यात, मान खाली घालून, आणि तिनं वाजवायला घेतलं. मी इतकी वर्षं ज्याच्यापुढे बसलो तो ऑर्गन असा बोलतो, हे मला ठाऊकच नव्हतं. चहाला कुणी उठलं नाही. हळूहळू मागची माणसं पुढं सरकू लागली. अगाथाबाई जिना उतरून आल्या आणि ऑर्गनकडे बघतच माझ्या शेजारच्या खुर्चीत टेकल्या. बेरिलनं भिंत सोडली आणि तीही एका खुर्चीत बसली.

"अगं बाई," अगाथाबाई शेजारी न बघताच कुजबुजल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं, ऑर्गनच बिघडलाय!"

मग त्यांनी मान वळवली आणि त्यांचा चेहरा पडला. "माफ करा हं, डेस्मंड."

"नाही, नाही," मी म्हणालो, "मलाही तसंच वाटायचं."