ताईची चारशे वाक्यं

ताई इस्पितळाच्या टेलिफोन विभागात बावीस वर्षं होती. "नमस्कार, बोला," एवढंच ती म्हणायची, पण पलीकडच्या घाबऱ्याघुबऱ्या माणसाचा जीव तेवढ्यानंच निम्मा भांड्यात पडायचा. तिला पाहिलेली माणसं थोडी, तिचा आवाज ओळखणारी मात्र अख्ख्या गावात होती.

त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. पाच आठवड्यांनी शस्त्रक्रिया, त्यात स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल, आवाज जाईल.

ताईच्या धाकट्या भावाला घरात सगळे छोट्या म्हणत. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी छोट्याच. तो मोबाइलची ॲप बनवायचा. मागच्या खोलीत दोन पडदे, एक टेबलफॅन आणि हा, एवढंच त्याचं ऑफिस. बातमी कळली त्या दिवशी तो ताईच्या समोर बसून म्हणाला, "रडायचं नाही हं. मी ॲप करतो. तुझ्या आवाजात चारशे वाक्यं भरून ठेवू. नंतर बोट लावलंस की फोन तुझ्या आवाजात बोलेल."

"तुझ्या भावोजींवर ओरडता येईल का त्यात?"

"त्याचं वेगळं बटण देतो. मोठ्ठं, लाल."

ताई हसली. दुसऱ्याच दिवशी ती वही घेऊन वाक्यं लिहायला बसली.

छोट्यानं नऊ दिवसांत ॲप उभं केलं. ताई वही घेऊन आली, खुर्ची ओढून बसली. "करायची सुरुवात?"

"आत्ता नको. ही चाचणीची आवृत्ती आहे, मी काही बदललं की आतलं सगळं पुसलं जातं. ॲप स्टोअरवर एकदा मंजूर झालं, की निवांत बसू. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

हे खरंच होतं. पण पुरतं खरं नव्हतं. इतकी वर्षं त्यानं दुकानांची, व्यायामशाळांची, शिकवण्यांची ॲप बनवली, सगळी दुसऱ्यांच्या नावावर. हे पहिलंच त्याचं स्वतःचं. ते रीतसर यावं, स्टोअरमध्ये त्याचं नाव दिसावं आणि ताईनं ते तिथून उतरवून घ्यावं, असं त्याच्या मनात होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मग एकेक शुक्लकाष्ठ मागं लागलं. स्टोअरनं नुकताच नियम काढला होता, की ॲप नव्या आवृत्तीच्या साधनांवरच बांधलेलं हवं. ती साधनं त्याच्या संगणकावर चढेनात. आधी संगणकाची प्रणालीच बदलावी लागली, त्यात दीड दिवस गेला. ती बदलल्यावर आवाज साठवणारा कोड रुसला. पडदाभर लाल अक्षरं. एक चूक सुधारावी तर खाली दोन नव्या. त्यानं कोड लिहून देणाऱ्या मदतनीस प्रोग्रॅमला विचारलं, तर तो गोड बोलून जन्मालाच न आलेली फंक्शनं सुचवायचा, आणि चूक दाखवली की माफी मागून नवी थाप मारायचा.

कसंबसं जुळलं, त्यानं ॲप पाठवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: मायक्रोफोन कशासाठी लागतो, ते स्पष्ट नाही. त्यानं लिहून पाठवलं. आणखी दोन दिवसांनी दुसरं उत्तर: तपासणीसाठी खात्याचं नाव आणि पासवर्ड द्या. त्या ॲपला खातंच नव्हतं! तसं कळवलं, तर तिसरं उत्तर: ॲप रुग्णांसाठी असल्याचा दावा करतं, सबब वैद्यकीय कागदपत्रं जोडा. छोट्यानं पानभर पत्र लिहिलं. माझ्या बहिणीचा आवाज जाणार आहे हो, दिवस थोडे उरलेत, कुणीतरी माणसानं हे वाचा. उत्तरात पुन्हा त्याच तीन ओळी, स्वल्पविरामासकट.

तेव्हाच ताईचा फोन आला. एव्हाना तिचा आवाज संध्याकाळी थोडा घोगरा व्हायला लागला होता.

"छोट्या, मी साध्या रेकॉर्डरवर म्हणून ठेवू का रे? नंतर घालता येतील ना तुझ्या ॲपमध्ये?"

"ताई, त्या फायली वेगळ्या असतात. नंतर एकेक वाक्य कापत कोण बसणार? माझ्या डोक्याला आधीच ताप झालाय. जरा धीर धर ना!"

मग ती म्हणाली, "बरं बाबा."

चारशे वाक्यं कापायला फार तर दोन दिवस लागले असते. हे फोन ठेवतानाही त्याला ठाऊक होतं.

सव्विसाव्या दिवशी ताई कामावरच होती. एका बाईंचा फोन वॉर्डात जोडून देताना तिचा श्वास अडकला. गाठीला अचानक सूज आली होती. बरं झालं, की ती इस्पितळातच होती. तिला तसंच वर नेऊन गळ्यात नळी घातली, आणि दोन दिवसांनी शस्त्रक्रियाही उरकली. नळी घातली त्याच दिवशी छोट्या पोचला, तेव्हा ती डोळे उघडून पडली होती. तिनं हात वर केला. ओठ हलले, पण नळीमुळे आवाज नव्हता.

ॲप कसलंही कारण न देता मंजूर झालं, ते शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी. तो भावोजींबरोबर बाकावर बसला होता. फोनवर "अभिनंदन!" असं आलं, पुढे फुगे उडाले. भावोजींनी विचारलं, "काय रे?" तो म्हणाला, "काही नाही," आणि फोन उलटा ठेवला.

पुढचा आठवडा तो ताईचा आवाज शोधत हिंडला. घरातल्या जुन्या चित्रफितींत ती बहुतेक वेळा कॅमेऱ्यामागे असायची, हसायची आणि गप्प व्हायची. भाचीच्या फोनमध्ये मात्र एक निरोप सापडला: "येताना दूध आण, आणि दार आपटू नकोस गं." छोट्यानं तो मागितला. भाचीनं नकारार्थी मान हलवली. "मामा, ते माझं आहे." त्यानं पुन्हा विचारलं नाही.

ताई घरी आल्यावर एका दुपारी तो तिच्या पलंगाशी बसला. मग म्हणाला, "तू रेकॉर्डरचं विचारलंस ना, तेव्हा मी..."

ताईनं पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "तू चिडला होतास." थोडं थांबून खाली आणखी लिहिलं, "मीच ऐकायला नको होतं तुझं." रागानं नव्हे, चूक आपलीच असल्यासारखं. तिनं चार शिव्या लिहिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. हे सोसवेना. तो पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

ताईला पुढे जुन्या कागदपत्रांच्या विभागात बदली मिळाली. ती ॲप वापरते, पण छोट्यानं नंतर त्यात घातलेल्या यंत्राच्या आवाजात. तो आवाज भावोजींचं नाव इतकं विचित्र उच्चारतो, की सगळे हसतात, ताईसुद्धा, खांदे हलवून. छोट्याही हसतो.

ॲप हळूहळू अनोळखी घरांत पोचलं. अधूनमधून ईमेलवर पत्रं येतात. परवा एका बाईंनी लिहिलं, की यजमानांची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे, आमच्या जुन्या फोनवर ॲप चालत नाही, दुरुस्ती कधी होईल? छोट्यानं हातातलं काम बाजूला सारून तिथल्या तिथं उत्तर दिलं. दुरुस्तीची वाट बघू नका. फोनमध्ये जे काही आहे, त्यावर आजच त्यांना बोलायला लावा. काहीही बोलू द्या, भांडूसुद्धा द्या. फायली माझ्याकडे पाठवा, मी एकेक कापून देईन.

चार दिवस झाले, फायली आलेल्या नाहीत. कदाचित त्यांनाही वाटलं असेल, की एवढी काय घाई आहे. तो रोज सकाळी कामाला बसायच्या आधी पत्रपेटी उघडून बघतो.