वाटीचा पोचा

मी एक जुनी पितळी वाटी आहे. मित्रांनो, माझ्या पोटाला डावीकडे एक पोचा आहे. त्या पोच्यापायी एकदा एका माणसाची नोकरी पणाला लागली होती. म्हणून मला ठोकून सरळ करण्यापूर्वी माझं ऐकून घ्या.

माझा जन्म पुण्यात, एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. लहानपणी मार फार खाल्ला. सुमित्राबाईंच्या लग्नात मी दिल्लीला, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले. पुढे त्यांच्या धाकट्या लेकीनं, वैभवीनं, मला दुसऱ्या मजल्यावरून खाली सोडलं. तिला वाटलं, मी उडेन. मी उडाले नाही.

तेव्हापासून माझ्यात पीठ जरा कमी मावतं. सुमित्राबाईंनी तक्रार केली नाही. घरातली सगळी मापं त्यांनी माझ्याप्रमाणे बदलली. "तुमचं प्रमाण कधी चुकत नाही हं!" पाहुणे म्हणत, आणि मी पिठाच्या डब्यात बसून लाजत असे.

मग साल त्र्याण्णव आलं. टीव्हीवर चॅनेल वाढले, शेजारीपाजारी नोएडात फ्लॅट बुक करू लागले, आणि कुणालाच स्वस्थ बसवेना. सुमित्राबाईंचे यजमान खंडेराव एका मंत्रालयात कारकून होते. रविवारी ते यमुनेवर गळ टाकून बसत. त्यांचं घरगुती आमिष नामी होतं: माझ्या मापानं दहा वाट्या कणीक, पाच वाट्या मोहरीची पेंड, गुळाचा खडा, हिंग आणि तीन पेले पाणी. मळून लिंबाएवढे गोळे. मासे त्यावर जीव टाकत. अगदी खरोखर.

ही कीर्ती नोएडाच्या चोप्राजी बिल्डरांपर्यंत गेली. त्यांच्या नव्या वसाहतीच्या तळ्यात रोहू सोडले होते, आणि फ्लॅट पाहायला येणाऱ्यांसाठी मासे पकडायची स्पर्धा होती.

"तीस किलो चारा बना दो, खंडेरावजी. चल गया तो हर हफ्ते का ऑर्डर पक्का."

खंडेरावांनी लगेच राजीनामा लिहिला. तारखेची जागा कोरी ठेवली आणि कागद उडू नये म्हणून वर मला ठेवलं.

"स्पर्धा झाली की सोमवारी देतो."

"आणि क्वार्टर?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"सोडायचं."

"मग राहायचं कुठे? तळ्यात?"

मित्रांनो, मी त्या कागदावर चार दिवस बसून होते. वाटी थरथरत नाही म्हणतात. कूलर चालू होता, असं समजा.

खंडेरावांनी अंदाजपत्रक केलं. तीन प्रतींत, कार्बन घालून. एका स्वयंपाकाच्या पुस्तकात 'एक वाटी पीठ म्हणजे शंभर ग्रॅम' असं होतं. म्हणजे पंधरा वाट्या दीड किलो, त्याला तीन पेले पाणी. तीस किलोला साठ पेले. रिक्षासकट खर्च दोनशे चाळीस रुपये. खाली स्वतःच सही करून त्यांनी मंजुरी दिली.

माझ्यात ऐंशीच ग्रॅम मावतं, म्हणजे तीस किलोला पंचाहत्तर पेले पाणी हवं, हे मला कुणी विचारलं नाही. मी ओरडले असते, पण वाटीला त्यासाठी चमचा लागतो.

टबात मळताना सुमित्राबाई म्हणाल्या, "अहो, कोरडं लागतंय. अजून पाणी घाला."

"मंजूर पाणी साठ पेले आहे. वाढीव पाण्याला आधार काय?"

स्पर्धेत गोळे वाटायला मलाही नेलं. राजीनामा खंडेरावांच्या खिशात होता. चाळीस गळ पाण्यात पडले आणि गोळ्यांचा तिथल्या तिथे भुगा झाला. रोहू काठाशी आले, पोटभर जेवले आणि गेले. एकाही गळाला मासा लागला नाही. एका गृहस्थांच्या गळाला शेजारच्यांची टोपी लागली. पहिलं बक्षीस त्यांनाच द्यावं लागलं.

"खंडेरावजी," चोप्राजी म्हणाले, "ये तो मछलियों का भंडारा हो गया!"

घरी खंडेराव अंदाजपत्रकाच्या तिन्ही प्रती पुन्हा तपासत बसले. सुमित्राबाई मला पुसत म्हणाल्या, "अहो, ही वाटी शंभराची नाहीच. पोचा आहे ना तिला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी? तीन प्रती काढल्यात, एक तरी मला दिलीत?"

खंडेरावांनी माझ्या पोच्यावरून बोट फिरवलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच. "पहाडगंजला नेऊन सरळ करून आणतो."

"खबरदार! सगळा स्वयंपाक बिघडेल."

मग सुमित्राबाईंनी त्यांच्या खिशातला राजीनामा काढला, उलटा केला आणि हातात पेन्सिल दिली. खंडेरावांनी कोऱ्या पाठीवर मुकाट लिहिलं: 'दहा वाट्या कणीक, पाच वाट्या पेंड, तीन पेले पाणी. वाटी: हीच.' खाली तारीख घातली. सोमवारी ते ऑफिसला गेले.

तो कागद अजून माझ्याखाली असतो. खंडेराव मधूनमधून मला उचलून त्याची दुसरी बाजू वाचतात, तेव्हा माझा जीव खालीवर होतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं पोचे आलेलं भांडं असेल. त्याला घासा, पुसा, पण ठोकू नका. हिशोब मांडण्यापूर्वी त्याला एकदा विचारा, बाबा रे, तुझ्यात मावतं किती. फक्त विचारायला येताना चमचा घेऊन या.