वरची रांग जिवंतांची

मी मोजायची टेप बोलतेय. पोलादी, पिवळी, मुठीत मावणारी. बोलता बोलता अडकले तर समजून घ्या, माझ्या डबीत वाळू गेली आहे.

इकडे सा-देक गावात गवंड्यांकडे असतात तशीच मी. आकड्यांखाली माझ्या अंगावर लाल-काळ्या चौकटींच्या दोन रांगा आहेत. माप लाल चौकटीत पडलं तर शुभ, काळ्या चौकटीत पडलं तर अशुभ. वरची रांग जिवंतांच्या घरांसाठी. खालची थडग्यांसाठी आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यासाठी.

मला खिएमने विकत घेतलं. तो गवंडी होता. लोकांची दारं मोजताना तो वरची रांग डोळे बारीक करून वाचायचा. बायको रागावली की मला लांब ओढून खटकन सोडायचा. तेवढंच त्याचं उत्तर असायचं.

त्याचं स्वतःचं घर लांब आणि अरुंद. सगळा संसार दारातच तुंबलेला. चपलांचा ढीग, हेल्मेटं, ओले रेनकोट, मुलीचं, म्हणजे बोंगचं, दप्तर, स्कूटर, आणि त्याच्या बायकोची, थामची, नूडल्सची हातगाडी. कोपऱ्यात जमिनीवर बसवलेला भूमिदेवसुद्धा चपलांच्या आड दिसेनासा व्हायचा. म्हातारी आई कशाला ना कशाला अडखळायचीच.

शेवटी एका रविवारी खिएमने पेन्सिल घेतली आणि भिंतीवरच सगळं आखलं. इथे बाक, बाकाच्या पोटात चपला. इथे हेल्मेटाच्या खुंट्या, त्यातली एक बोंगचा हात पोचेल इतकी खाली. आईला धरायला भिंतीला दांडा. पायरी काढून उतार. दाराची रुंदी ठरवताना त्याने मला आधी हातगाडीवर लावलं, रश्श्याच्या पातेल्याचे कानही मापात धरून. मग भिंतीवर खूण केली.

ते दार त्याच्या हातून झालं नाही. एका गिऱ्हाइकाच्या छपरावरून तो पडला. मी त्याच्या कमरेलाच होते. माझ्यात वाळू गेली ती तेव्हाच.

त्यानंतर मी लुओमच्या हातात आले. हा धाकटा भाऊ. शाळा लवकर सुटलेली, डोकं लगेच तापणारं, आणि दादाशिवाय पान न हलणारं. त्याने मला घेऊन पहिलं मोजलं ते दादाचं थडगं. शेजारच्या साउकाकांनी, ते सुतार आहेत, त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं की खालची रांग बघ, पोरा, लाल आलं की थांब. लुओमला माझ्यावरची अक्षरं धड वाचता येत नाहीत. त्याने रंग आणि रांग तेवढी मनात पक्की धरली.

मग दादाचं राहिलेलं काम पुरं करायचं त्याने मनावर घेतलं. दादाचे विधी होईपर्यंत थांब, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्याने घण घेतला आणि दाराची जुनी चौकट पाडली. दादाच्या पेन्सिलीच्या खुणेवर मला धरलं, आणि त्याचा चेहरा उतरला. काळं. त्याने खूण दोन बोटं आत सरकवली. लाल आलं. मी मुकी. काय करणार? दादाची चूक आपण सुधारली याचं त्याला त्या दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

नवं दार बसलं त्या संध्याकाळी थाम बाजारातून आली आणि गाडी चौकटीत अडकली. पातेल्याचा कान घासला, रस्सा उतारावर सांडला. ती ना घरात, ना रस्त्यावर, अशी गाडीचा दांडा धरून उभी राहिली.

साउकाका आले. मला चौकटीला लावून बराच वेळ बघत राहिले.

"कुठली रांग वाचलीस?"

"खालची. तुम्हीच दाखवली होती."

लुओमला उमगलं तसा तो उतारावर सांडलेल्या रश्श्यातच खाली बसला. जिवंतांच्या घराला त्याने मेलेल्यांच्या मापाचं दार बसवलं होतं.

आई मात्र चौकटीवरून हात फिरवत म्हणाली, "राहू दे असंच. माझ्या खिएमला घर सापडेल."

"ते आले तरी चिखलाच्या चपला घालूनच येतील, आई," थाम म्हणाली. "त्या तेव्हा आवरू आपण. पण मी गाडी कुठे ठेवू?"

दुसऱ्या दिवशी लुओमने स्वतःच चौकट उखडली. दादाच्या खुणेवर मला पुन्हा लावलं आणि यावेळी वरची रांग पाहिली. तिथेही काळं. लाल यायला आणखी रुंद करावं लागलं असतं, आणि पलीकडे खांब होता. अरुंद केलं तर गाडी अडते. दुसऱ्यांच्या दारांना रंग शोधून देणाऱ्या खिएमने आपल्या दाराला रंग पाहिलाच नव्हता.

"वहिनी, मी काळ्या मापाचं दार नाही बसवणार. बोंगला काही झालं तर?"

थाम हातात फडकं घेऊन गाडी पुसत होती. ती थांबली. "जुनं दार कुठल्या मापाचं होतं, भावजी?"

"लाल. बाबांनी बघून बसवलं होतं."

"तरी तुमच्या दादांना त्याच दारातून नेलं ना?"

लुओमने मला हातात घट्ट धरलं. मग साउकाकांना हाक मारली आणि दादाच्या खुणेवर चौकट उभी केली.

आता गाडी सरळ आत येते. चपला बाकाच्या पोटात जातात. आई दांडा धरून उतरते. दारात कोणी अडखळत नाही.

मी खुंटीवर असते, हेल्मेटांच्या शेजारी. पण बोंग जरा खोकली की लुओम येतो, कोणी बघत नाही ना ते पाहतो, आणि मला चौकटीला लावतो. काल तिला नुसती शिंक आली, तरी आला. दरवेळी काळंच येतं. दरवेळी तो मला आत सोडतो, पुन्हा ओढतो, आणि माझ्या डबीतली वाळू करकरत राहते.

बाबा रे, मला दाराची रुंदी विचार, बाकाची उंची विचार, गाडी मावेल का विचार. कोण राहील आणि कोण जाईल, ते मला माहीत नाही. मी तुझ्या दादाच्या कमरेला होते, तरी मला माहीत नव्हतं.