दोनच हातांनी उभा राहिलेला तंबू

मित्रांनो, ही गोष्ट २०२३ सालची. होळी पंधरा दिवसांवर आली होती आणि आमच्या डोंगरावर दुपारचा वारा नुकता सुटू लागला होता. साल एवढं पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी माझा डावा कोपरा फाटला.

मी एक जुना तंबू आहे. तळेघरला चिमाजींच्या पडवीत, भाताच्या पेंढ्यावर पांघरूण म्हणून पडून असतो. एकेकाळी माझा रंग हिरवा होता. आता कोणता आहे, ते मलाही सांगता येणार नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. सुयांची टकटक तेवढी कानात राहिली आहे. नारायणगावच्या सुदर्शननं तळेघरजवळ शहरातल्या लोकांसाठी मुक्कामाची जागा काढली आणि माझ्यासारखे बारा तंबू आणले. मग माझी नोकरी सुरू झाली. शनिवारी उभं राहायचं, रविवारी आडवं व्हायचं. पोरं माझ्या अंगावर उड्या मारत. कोणी चहा सांडे, कोणी चिखलाचे बूट घेऊन आत शिरे. जाताना मात्र सगळे माझ्यासमोर फोटो काढत आणि "काय झकास तंबू आहे!" म्हणत. तेवढ्यावर आमचा शीण जायचा.

आम्हाला उभं करणारी होती रूपाली, चिमाजींची मुलगी. ती सकाळी माझ्यावरचं दव पुसायची, मला उन्हात वाळवायची आणि मगच घडी घालायची. इतक्या निगुतीनं मला पुन्हा कोणी हाताळलं नाही.

त्या हंगामात निमगाव सावा गावची तेजस्विनी कामाला आली. ती दोन वर्षं पोर्तुगालमध्ये एका नदीकाठच्या कँपवर राहून आली होती. तिकडच्या मालकीणबाईंना तंबू लावणारी मुलगी हवी होती. अट एकच, पोर्तुगीज बोलता यायला हवं. रूपालीच्या डोळ्यांसमोरून ती नदी हटेना. तेजस्विनी म्हणाली, "मी शिकवते. पण रडायचं नाही, राव!"

त्यांचा फळा मीच झालो. तेजस्विनीनं चिठ्ठ्या लिहिल्या आणि सेफ्टी पिनांनी माझ्या अंगावर टाचल्या. माझ्यावर 'तेंदा', दोरीवर 'कोर्दा', खुंटीवर 'इश्ताका', कंदिलावर 'लांतेर्ना'. शब्द पाठ झाल्यावर भविष्यकाळ आला. रूपाली दोऱ्या आवळता आवळता घोकायची, "आमान्यां मोंतारेई आ तेंदा." म्हणजे, उद्या मी तंबू उभारीन. उद्या मी शेकोटी पेटवीन. उद्या मी पाणी आणीन.

तिची चुलती कोंडाबाई चुलीपाशी बसून ऐकायची. "उद्या, उद्या! आगं भवाने, आजची भाकर कोन थापणार?"

"थापीन की गं काकू."

"बघा, मराटीत बी उद्याच!"

शेवटची चिठ्ठी तेजस्विनीनं माझ्या आतल्या बाजूला टाचली. 'वोल्तारेई.' तिचा अर्थ रूपालीनं कुणाला सांगितला नाही.

परीक्षेचा दिवस आला. व्हिडिओ कॉलला पुरेल एवढी रेंज फक्त वरच्या पठारावर. तेजस्विनीनं फोन दगडाला टेकवून ठेवला. पडद्यावर चष्मा लावलेल्या मालकीणबाई. त्यांनी सांगितलं, पुढे काय काय करशील ते आधी बोल, मग एकटीनं तंबू लाव. रूपाली न अडखळता बोलली. माझा ऊर भरून आला. पण लावायला घेतलं आणि वाऱ्यानं मला शिडासारखं फुगवलं.

आता मित्रांनो, आमच्या डोंगराची एक रीत सांगतो. उतारावर भाताचं खाचर पाडायचं तर ते एका घराचं काम नव्हे. सगळी घरं त्या घराच्या रानात जातात. मजुरी कोणी घेत नाही. उद्या दुसऱ्याच्या रानात आपण जायचं. त्याला पडकई म्हणतात. त्या दिवशी चिमाजी, कोंडाबाई आणि आणखी पाच जण पडकईवरून टिकाव-फावडी घेऊन त्याच वाटेनं परतत होते. पोरगी वाऱ्याशी झटते आहे, हे त्यांनी पाहिलं. एकट्या माणसाला काम करताना नुसतं बघत राहणं त्यांना ठाऊकच नाही. फावडी टाकून सगळे धावले.

"व्हय बाजूला, पोरी. वारं लई हाय," चिमाजींनी दोरी धरली.

रूपाली दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, नको ना. एकटीनंच करायचंय."

"एकटीनं?" कोंडाबाई कडाडली. "का? आमी मेलो का?"

चिमाजींनी टिकावाच्या मागच्या बाजूनं खुंटी ठोकली. एक घाव चुकला आणि माझा कोपरा टर्रकन फाटला. पण दोन मिनिटांत मी ताठ उभा! सातही जणांनी फोनकडे बघून हात हलवले.

मालकीणबाई हसल्या आणि काहीतरी बोलल्या. तेजस्विनीनं फक्त रूपालीच्या कानात सांगितलं, "माणसं फार चांगली आहेत म्हणतात. पण तिकडे तुला एकटीलाच करावं लागेल. नाही घेता येणार."

घरी पोहोचल्यावर कोंडाबाईनं आळीत गूळ वाटला. पोरीचा तंबू उभा राहिला, म्हणजे पास झालीच की! रूपालीनंही तो गूळ खाल्ला.

तेजस्विनीनं विनवण्या करून आणखी एक संधी मागून घेतली. आठ दिवसांनी रूपाली "लाकडं आणते" असं सांगून मला डोक्यावर घेऊन निघाली. या वेळी तेजस्विनीलाही तिनं खालीच थांबवलं. वाऱ्यानं मला दोनदा लोळवलं. तिसऱ्यांदा तिनं एका दोरीवर धोंडा ठेवला, दुसरी गुडघ्याखाली दाबली, तिसरी दातांत धरली. मी उभा राहिलो. फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. माझ्या अंगाला मात्र तेव्हा दोनच हात लागत होते.

ती खाली उतरली. चिमाजींनी विचारलं, "लाकडं कुठायत?"

रूपालीनं सगळं सांगितलं. आधीचं नापास होणंसुद्धा. चिमाजी माझ्या फाटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिले.

"आज कोन व्हतं संगं?"

"कोणी नाय, बाबा."

चिमाजी उठले. त्यांनी मला उन्हात पसरलं.

पेरणीआधी रूपाली गेली. ती तिकडे आठवड्याला चाळीस तंबू लावते, रविवारी फोन करते. सुदर्शननं मुक्कामाची जागा बंद केली आणि मी चिमाजींच्या पडवीत आलो. हल्ली तो टोमॅटोच्या गाड्या भरतो. तेजस्विनी नारायणगावात सहा मुलींना शिकवते. कोंडाबाई गेल्या श्रावणात वारली. रूपालीला येता आलं नाही. फोनवर ती एवढंच म्हणाली, "बाबा, इथं ज्याचं काम त्यानंच करायचं असतं." चिमाजींचे गुडघे दुखतात, तरी ते पडकईला जातात.

मागे तेजस्विनी आली होती, तेव्हा चिमाजींनी ती आतली चिठ्ठी तिच्याकडून वाचून घेतली. "मी परत येईन, असं लिहिलंय, काका." त्यांनी गंजलेली पिन काढली, नवी आणली आणि चिठ्ठी पुन्हा होती तिथेच टाचली.

मित्रांनो, मी थकलो आहे. ओल्या पेंढ्यानं मला बुरशी धरली आहे. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला वाळवल्याशिवाय घडी घालू नका. आणि उभा करताना, जमलं तर, दोघं या. दोरीचं दुसरं टोक कोणीतरी धरलेलं असलं की तंबूला बरं वाटतं.